चोरपावलांचा हिशेब

दिवाळीत गावाला जाणाऱ्यांनी शेजाऱ्यांना सांगून जावे, दागिने बँकेत ठेवावेत, माडीवर एखादा दिवा जळता ठेवावा, असा सल्ला आपण दर वर्षी वाचतो आणि दर वर्षी विसरतो. अशा दिवसांत ह्या पानावर चोराचे कौतुक करणे कितपत शोभेल, हा प्रश्न रास्तच आहे. पण वाचकहो, मी ज्या चोराबद्दल लिहिणार आहे त्याच्यापासून आपल्या पाटल्यांना काडीचा धोका नाही. तो कागदावर राहतो, शिसपेन्सिलीने वाढतो आणि खोडरबराने मरतो.

त्याचे नाव आमच्या घरात प्रथम उच्चारले गेले तेव्हा मात्र थोडी धावपळ झाली. पुतण्या मला आपल्या मंडळींची ओळख करून देत होता. "काका, हा योद्धा, हा जादूगार, मधला तो पुजारी, आणि ही रोग आहे." 'ही' म्हणजे माझी भाची. आमची सौभाग्यवती स्वैपाकघरातून तशीच आली आणि तिने पोरीच्या कपाळाला हात लावून पाहिला! इंग्रजीतला 'रोग' म्हणजे लबाड, भामटा, हे तिला समजावून सांगितल्यावर तिचे समाधान झाले. मग त्याला मराठीत काय म्हणावे ह्यावर चर्चा झाली. भामटा म्हणावे तर तो फार बोलका वाटतो, दरोडेखोर म्हणावे तर फार गडबडीचा, आणि ठक म्हणावे तर भुरट्याचा भास होतो. आम्ही सदाशिव पेठेत राहत असल्यामुळे ही चर्चा तीन दिवस चालली. शेवटी साधा 'चोर' हाच शब्द कायम झाला.

खेळ असा. चार-पाच माणसे टेबलाभोवती बसतात. एक जण कथेकरी होतो. तो भुयारे, किल्ले, राक्षस, पहारेकरी सारे मनातून उभे करतो. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचे आणि "मी भिंतीवर चढतो", "मी दाराला कान लावते" असे सांगत कथा पुढे न्यायची. जमेल की नाही हे फासे ठरवतात. फासेही आपल्या सारीपाटासारखे नव्हेत. चार बाजूंच्या फाशापासून वीस बाजूंच्या फाशापर्यंत सारी जात-जमात असते. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हे त्याचे नाव. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्या दोघा अमेरिकनांनी तो १९७४ साली छापून काढला. तेव्हा त्यात चोर नव्हताच! योद्धा, जादूगार आणि धर्मोपदेशक एवढे तीनच प्रकार होते. चोर आला १९७५ साली, पुरवणीतून. मला हे फार आवडले. चोराने पुढच्या दाराने यावे कशाला? 'रोग' हे भारदस्त नाव त्याला २००० सालच्या आवृत्तीत मिळाले. आमच्या पुतण्याला हे वेड लागले ते संगणकावरून. २०२३ साली निघालेल्या 'बाल्डर्स गेट ३' ह्या खेळाने त्याच्या बऱ्याच रात्री खाल्ल्या, आणि मग तो म्हणू लागला की खरी मजा माणसांबरोबर टेबलावर आहे. तेव्हापासून दर रविवारी दुपारी आमच्या माडीवर फासे खडखडतात आणि चिवड्याचा डबा रिकामा होतो.

मी आयुष्यभर एका कचेरीत हिशेब लिहिले. त्यामुळे मला त्या राक्षसांपेक्षा चोराच्या कागदाची गोडी अधिक. कारण चोराचे सगळे बळ त्या कागदावरच्या वाटपात आहे. पात्राला अनुभव आला की ते एक पायरी वर चढते आणि प्रत्येक पायरीला काही नवे मिळते. योद्ध्याचे काय, तलवार जोरात लागली की झाले! चोराला मात्र दर पायरीला प्रश्न पडतो: ह्या वेळी काय घेऊ?

१९८९ सालच्या जुन्या नियमांत तर हा प्रश्न अगदी रोखीने विचारलेला असे. चोराची कौशल्ये आठ: खिसा कापणे, कुलूप उघडणे, सापळा शोधून निकामी करणे, आवाज न करता चालणे, सावलीत लपणे, चाहूल घेणे, भिंत चढणे आणि परकी लिपी वाचणे. प्रत्येकाला शेकडेवारी. सुरुवातीला भिंत चढण्याचे साठ टक्के आयते मिळत, पण आवाज न करता चालण्याचे दहा आणि सावलीत लपण्याचे अवघे पाच! वर खर्चायला साठ गुण. त्यांतले तीसांहून अधिक कशा एकावर टाकायचे नाहीत. पुढे दर पायरीला तीस गुण, आणि एका कौशल्यावर जास्तीत जास्त पंधरा. आता पहा, नवखा चोर मोठ्या हौसेने तीस गुण चालण्यावर आणि तीस लपण्यावर टाकतो. चालणे चाळीस टक्के, लपणे पस्तीस टक्के. त्याला वाटते, वा! पण पहाऱ्याजवळून निसटायला दोन्ही साधावे लागतात, आणि चाळीस टक्क्यांचे पस्तीस टक्के म्हणजे चौदा. शंभर वेळा गेला तर शहाऐंशी वेळा सापडला! पगारवाढीचे आकडे वाचताना आपली जशी फसगत होते तशीच ही. नव्या नियमांनी चालणे आणि लपणे एकत्र करून टाकले आहे आणि त्यांना मिळून एकच नाव दिले आहे, 'स्टेल्थ'. त्या चौदा टक्केवाल्यांचे तळतळाट लागले असावेत.

ह्या हत्यारांची यादी ऐकताना मला आमचा शर्विलक आठवला. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तला हा ब्राह्मण चोर गोविंद बल्लाळ देवलांनी मराठी रंगभूमीवर आणला. तिसऱ्या अंकात तो चारुदत्ताच्या घराला भोक पाडायला येतो तेव्हा त्याची तयारी पाहण्यासारखी असते. भिंत भाजलेल्या विटांची असेल तर विटा ओढून काढायच्या, कच्च्या विटांची असेल तर कापायच्या, मातीची असेल तर भिजवायची, लाकडाची असेल तर चिरायची. भोकाचे आकारही सात: कमळ, सूर्य, चंद्रकोर, विहीर, स्वस्तिक वगैरे. तो पूर्णकुंभ पसंत करतो. पक्क्या विटांच्या भिंतीत तोच शोभतो म्हणून! मोजायची दोरी घरी राहिली, तर जानव्याने मोजतो. आत शिरल्यावर झोपलेले खरे झोपलेत की सोंग करताहेत ह्याची परीक्षा घेतो, जमिनीत धन पुरले आहे का हे बी टाकून पाहतो, दिवा विझवायला पाखरू सोडतो. पुतण्याला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "काका, हा किमान सातव्या पायरीचा आहे." मी ते शूद्रकाच्या वतीने स्वीकारले.

हल्लीच्या नियमांचा हिशेब थोडक्यात देतो. आमची मंडळी २०१४ च्या पुस्तकाने खेळतात; २०२४ साली नवी आवृत्ती आली आहे, पण पुतण्याने जुने पुस्तक पैसे देऊन घेतले आहे आणि तो माझाच पुतण्या आहे. चोराला पहिल्याच पायरीवर दोन कौशल्यांत 'एक्सपर्टीज' मिळते, म्हणजे प्रावीण्याची बेरीज दुप्पट धरली जाते. भाचीने 'स्टेल्थ' घेतले आणि कुलुपे उघडण्याची हत्यारे घेतली. ह्यात वाद घालण्यासारखे काही नाही. बेसावध शत्रूवर, किंवा आपला सोबती ज्याच्याशी झुंजतो आहे त्याच्यावर, चोर वार करतो तेव्हा जादा फासे टाकतो. पहिल्या पायरीला एक, तिसरीला दोन, पाचवीला तीन, असे ते आपोआप वाढत जातात. आपोआप वाढते त्याची काळजी करू नये. दुसऱ्या पायरीला मिळणारी 'कनिंग ॲक्शन' ही मात्र मला सगळ्यांत देखणी वाटते: वार करून त्याच दमात पळता येते, झटापटीतून निसटता येते किंवा पुन्हा लपता येते. रिक्षावाल्याशी भाड्यावरून वाद घालून त्याच क्षणी गल्लीत नाहीसे होता आले तर पुण्यात माणूस किती सुखी होईल!

तिसऱ्या पायरीला तीन वाटा फुटतात. एक मारेकऱ्याची, एक थोडी जादू शिकलेल्या चोराची, आणि एक शुद्ध चोराची. पोरे हटकून मारेकऱ्याकडे धावतात. गाफील शत्रूवर त्याचा वार दुप्पट फाशांनी बसतो. पण शत्रू गाफील सापडायला सगळी टोळी मुकाट्याने चालावी लागते, आणि आमच्या टोळीतला योद्धा अंगभर लोखंड घालून हिंडतो. असे चिलखत घातलेल्याला चोरपावलांसाठी दोन फासे टाकून त्यांतला वाईट धरावा लागतो. अशा सोबत्याबरोबर मारेकरी होणे म्हणजे बँडबाजाबरोबर ससा पकडायला जाणे. भाचीने चोराची वाट धरली. भिंत झपाट्याने चढता येते, हात चपळ होतो. चौथ्या पायरीला तिने चपळाईत दोन गुण घातले आणि सोळाचे अठरा केले. काही खास गुण विकत घेण्याचाही पर्याय तिथे असतो, पण तो मोह तिने टाळला, आणि माझ्या मते ते उत्तम केले. पाचव्या पायरीला दिसलेला वार अर्ध्यावर आणता येतो. ह्या सगळ्या वाटचालीत तिच्या पात्राचे नाव 'काजळी' असे ठेवलेले होते.

आता ह्या भाचीविषयी दोन शब्द सांगायला हवेत. ती गेल्या जूनमध्ये सांगलीहून पुण्यास आली. वडिलांची बदली झाली. नव्या शाळेत पहिल्याच आठवड्यात बाईंनी काही विचारले आणि ती घरी बोलतो तशी बोलली. वर्ग हसला. कुणी तरी मधल्या सुटीत तिचे वाक्य तिलाच म्हणून दाखवले. ही गोष्ट तिने कुणाला सांगितली नाही. तिच्या आईला ती शेजारच्या मुलीकडून कळली. पुण्याच्या भाषेचा अभिमान मलाही आहे, पण त्या अभिमानाच्या नावाने आपण पोरासोरांना काय काय करतो हे पाहिले की लाज वाटते. तेव्हापासून ही पोर हजेरीला "उपस्थित" म्हणते आणि मग शाळा सुटेपर्यंत गप्प. आमच्याकडे खेळायला लागली तेव्हाही तिने चोर निवडला तो ह्याच कारणाने असावा. चोराला बोलावे लागत नाही. "मी लपते." "मी पुढे जाते." "फासा टाकू?" पाच महिन्यांत तिची एवढी तीन वाक्ये मी ऐकली. बोलायची वेळ आली की ती जादूगाराकडे पाहत असे.

श्रावण संपता संपता काजळी सहाव्या पायरीवर आली. तिथे आणखी दोन कौशल्ये दुप्पट करता येतात. त्याच सुमारास पुतण्याने पुजारी पात्राला एका सुभेदाराच्या गढीत कैद करून टाकले होते. पुजारी म्हणजे टोळीतला वैद्य. तो नसला तर पुढची लढाई शेवटची. पहिल्या जागेबद्दल कुणाचे दुमत नव्हते: नजर तीक्ष्ण करावी, म्हणजे सापळे दिसतील. दुसरीसाठी मुले म्हणत होती, कसरत घे. तारेवरून चालशील, तटावरून उडी मारशील. भाचीच्या कागदावर 'डिसेप्शन', म्हणजे बतावणी, हेही कौशल्य होते. सुरुवातीला चार निवडायची असतात म्हणून नाइलाजाने खूण केलेले, आणि एकदाही न वापरलेले. ती कसरतीसमोर पेन्सिल टेकवणार होती.

मी खेळत नाही, त्यामुळे मला सल्ला देण्याचा अधिकार आहे असे मी समजतो. मी त्यांना म्हटले, चपला घाला. आमच्या घरापासून लाल महाल पायी वीस मिनिटे. आज कसब्याजवळ दिसतो तो वाडा महापालिकेने विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत नव्याने बांधलेला, पण हिशेब मांडायला जागा पुरेशी आहे. शाहिस्तेखान १६६० साली पुण्यात आला आणि ह्याच नावाच्या वाड्यात ठाण मांडून बसला. भोवती प्रचंड मोगली छावणी. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजीमहाराज स्वतः निवडक माणसांनिशी आत शिरले. मी पोरांना विचारले, सांगा, ह्या रात्री कोणकोणती कौशल्ये लागली?

"स्टेल्थ," सगळे एकदम म्हणाले. मी म्हटले, ते शेवटी. छावणीच्या पहाऱ्याने हटकले तेव्हा कुणी सावलीत लपले नाही. आम्ही बादशाही फौजेतलेच दख्खनी शिपाई, चौकीवर निघालो आहोत, असे उत्तर दिले. खाफीखान ह्या मोगल इतिहासकाराने तर लग्नाच्या वऱ्हाडाची परवानगी काढून माणसे शहरात आणल्याचे लिहिले आहे. म्हणजे पहिला फासा बतावणीचा. दुसरा माहितीचा: महाराजांचे बालपणच त्या वाड्यात गेलेले, कुठली भिंत कुठे उघडते हे त्यांना ठाऊक. तिसरा हत्यारांचा: मुदपाकखान्याजवळची विटामातीने बुजवलेली वाट फोडली. रमजानचा महिना, आचारी जागे होते. आवाज झाला त्याचे काय? तर नगारखान्यात जाऊन खानाच्याच नावाने नगारे वाजवायला लावले, असेही खाफीखान सांगतो. त्या दणदणाटात कोण कुणाला हाक मारतो हेच कळेना! जुन्या नियमांतल्या 'आवाज न करता चालणे' ह्या कौशल्याला ह्याहून चांगला पर्याय मी ऐकलेला नाही. मग वार: खानाचा मुलगा अबुल फतह मारला गेला, खान बोटांवर निभावला. आणि वार होताच लगेच माघार, सिंहगडाकडे. पाठलाग करणाऱ्यांना बैलांच्या शिंगांना पलिते बांधून कात्रजच्या घाटाकडे पळवले अशी दंतकथा आहे. ती खरी असो नसो, कुणाला फसवले की आपण 'कात्रजचा घाट दाखवला' असे म्हणतो. पुढे औरंगजेबाने खानाची रवानगी बंगालला केली.

"म्हणजे बतावणी दोनदा," जादूगार बोटे मोजत म्हणाला. योद्धा म्हणाला, "पण कसरत एकदाही नाही?" त्याला वाईट वाटले. भाची काही बोलली नाही. जिजाबाईंच्या पुतळ्यापाशी ती थोडी रेंगाळली एवढेच.

घरी येऊन मी तिला आकडे काढून दिले. तिची चोरपावले आता फाशावर दहा मिळवून धरायची. सामान्य पहारेकऱ्याला चुकवायला बारा लागतात, म्हणजे वीसांत फक्त एकदा चूक. तिथे आणखी सुधारायला जागाच नाही. कसरत सात होती, ती दहा झाली असती. बतावणी होती चार. पंधराच्या अडचणीला ती निम्म्या वेळा फसणार. दुप्पट केली तर सात होते आणि वीसांत तेरा वेळा साधते. आकडे सांगून मी चहाला उठलो. बतावणी कागदावर वाढवता येते, पण ती टेबलावर तोंडाने करावी लागते, हे तिला माझ्याइतकेच ठाऊक होते. परत आलो तेव्हा कागदावर खोडरबराचा चुरा होता आणि बतावणीसमोर ठळक सात लिहिलेले होते. मी काही विचारले नाही.

पुढच्या रविवारी मंडळी गढीशी पोचली. तट चढून एकटी काजळी सहज आत गेली असती, पण पुजाऱ्याला साखळदंड होते आणि ते तोडायला योद्धा हवा. योद्धा म्हणजे चालते भांड्याचे दुकान. जादूगाराच्या डोक्यात कल्पना आली. गाडीत सरपण भरायचे, योद्ध्याला खाली निजवायचे आणि गाडी सरळ दरवाजातून न्यायची. "मी बोलतो," असे म्हणून त्याने आपला कागद पाहिला आणि त्याचा चेहरा पडला. त्याची बतावणी शून्य होती.

पुतण्याने पहारेकऱ्याचा आवाज काढला. "कोण आहे? एवढ्या रात्री गाडी कसली?" सगळे भाचीकडे पाहू लागले. ती वीस बाजूंचा फासा हातात फिरवत होती. मला वाटले, ही आता म्हणणार, "मी लपते."

"काय वो हवालदार," ती म्हणाली, आणि तो आवाज पुण्याचा नव्हता, तो थेट कृष्णेच्या घाटावरचा होता. "रातच्याला काय मस्करी लावलीया व्हय? सुभेदार सायबाच्या मुदपाकाची लाकडं हाईत ही. तिकडं चूल इझाय लागलीया. मला काय, मी जाती माघारी. सकाळच्याला सायेब न्याहारी इचारतील तवा तुमीच सांगा, गाडी म्या आडवली हुती म्हून!"

कुणी हसले नाही. योद्ध्याने तोंड उघडले होते ते तसेच राहिले. पुतण्याने पहारेकऱ्याचे सोंग क्षणभर टाकले आणि हळूच म्हटले, "टाक फासा. पंधरा हवेत."

फासा घरंगळत चिवड्याच्या डब्याला अडला. नऊ. मी मनातल्या मनात चार मिळवून पाहिले, तेरा आले. तिने कागदावर बोट ठेवले आणि म्हणाली, "नवात सात. सोळा."

"जा आत," पहारेकरी म्हणाला. "पण लवकर."

"जाती की," भाची म्हणाली. "पर चाक रुतलंया न्हवं चिखलात. दोगं जण या की वो जरा हात लावाय."

पुतण्याने क्षणभर आपल्या टिपणांकडे पाहिले, मग मान हलवून भाले भिंतीला टेकवल्याची नोंद केली, आणि सुभेदाराच्या दोन पहारेकऱ्यांनी आमचा योद्धा ढकलत ढकलत गढीत नेला.